आधी दार, मग दुकान

देवगाव रंगारीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की ऊसतोड मजुरांच्या मुलींचं एक वसतिगृह लागतं. त्याच्या अंगणात पाण्याची सिमेंटची टाकी आहे आणि टाकीवर संगमरवरी पाटी आहे. पाटीवर लिहिलंय, ‘ही टाकी एका क्लिकमधून उभी राहिली.’ ही पाटी मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा माझं डोकं तापतं. एका क्लिकमधून काहीही उभं राहत नसतं. ते क्लिक लोकांनी करावं म्हणून मी सहा वर्षं या शहरातले जिने चढलो. गुडघ्यांची वाट लागली. गुडघ्यांची पाटी कोणी लावत नाही.

मी मूळचा भांडेवाला. पंधराव्या वर्षी गावाहून आलो आणि शहागंजातल्या एका भांड्यांच्या दुकानात पितळ घासायला लागलो. तिथून औरंगपुऱ्यात स्वतःचं दुकान टाकलं. मला शाळा फार झाली नाही. भाव करणं हेच माझं शिक्षण, आणि ते बैलबाजारात चुलत्याच्या रुमालाखाली झालं. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. तोंडानं हवापाण्याच्या गप्पा चालू असतात आणि बोटं भांडत असतात. तेव्हापासून मी छापील किमतीला कधी काही घेतलं नाही. लग्नात भटजींशीही मी घासाघीस केली होती, असं आमच्या मंडळी अजून चारचौघांत सांगतात. खोटं नाही ते.

दुकान बंद का पडलं ते एका बाईवरून सांगतो. एके दुपारी त्या आल्या. पाच लिटरचा कुकर काढायला लावला. झाकण लावून बघितलं, शिट्टी हातात घेऊन वजन बघितलं, बुड वाजवून बघितलं. अर्धा तास आमचं भाव करणं चाललं. मला मजा येत होती, कारण बाई तयारीच्या होत्या. मी चहा मागवला. चहा पिता पिता त्यांनी कुकरच्या खोक्याचा फोटो काढला, मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि म्हणाल्या, “राहू द्या काका. इथं ऐंशी रुपये कमी लागायलेत. परवा घरपोच येतोय.”

“आवो, मग अर्धा तास माझ्या कुकरची शिट्टी कशाला हलवून बघितली?”

“हातात घेतल्याबिगर कसं कळणार?” असं म्हणून त्या गेल्या. चहाचा कप मात्र धुऊन ठेवावा तसा व्यवस्थित बाजूला ठेवून गेल्या.

अशा बाया रोज यायला लागल्या. माझं दुकान म्हणजे ऑनलाइनवाल्यांचं फुकटचं प्रदर्शन झालं. वर्षभर तग धरला, मग शटर ओढलं. उरलेला माल विकत होतो तेव्हा विमलताई आल्या. वसतिगृह त्यांचंच. आईबाप कोयता घेऊन पाच-सहा महिने ऊस तोडायला जातात. पोरींना सोबत नेलं की शाळा सुटते, धाकट्या भावंडांना सांभाळण्यात आणि पाणी भरण्यात दिवस जातो, आणि एकदा सुटलेली शाळा सहसा परत धरली जात नाही. म्हणून विमलताई त्या पोरींना ठेवून घेतात. साठेक पोरी होत्या. विमलताईंना मोठी पातेली हवी होती. त्यांनी माझ्याशी असा भाव केला की शेवटी चार पातेल्यांवर दोन पराती फुकट गेल्या आणि वर त्या टेम्पोत मीच चढवून दिल्या. आयुष्यात मला हरवणारी ही पहिली बाई. जाताना म्हणाल्या, “तुमच्यासारखा भांडकुदळ माणूस मला पाहिजे होता. पुण्याच्या एका मुलीचं काम आहे.”

ती मुलगी म्हणजे अनघा. तिनं आणि तिच्या मित्रांनी इंटरनेटवर एक पान काढलं होतं. ते पान काय करतं हे मला तिनं तीनदा सांगितलं आणि तीनदा कळलं नाही. चौथ्यांदा मी म्हणालो, “थांब, म्हणजे अडतच की!” आणि सगळं उलगडलं.

तुम्हालाही तसंच सांगतो. मोंढ्यात शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्यापर्यंत नेणारा अडत्या असतो, त्याला अडत मिळते. ऑनलाइन दुकानंही गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला दलाली देतात. तुम्ही सरळ त्यांच्या दुकानात शिरलात तर दलाली कोणालाच नाही, ती दुकानाकडंच राहते. पण तुम्ही आधी अनघाचं पान उघडलंत, तिथून दुकानाच्या नावावर बोट ठेवून आत गेलात आणि मग साबण घ्या, चड्डी घ्या नाही तर टीव्ही घ्या, तर दुकान समजतं की हे गिऱ्हाईक या पानानं आणलं. दलाली पानाला. आणि पान ती तुम्ही निवडलेल्या संस्थेला देतं. तुम्हाला एक पैसा जास्त पडत नाही. बस. एवढंच आहे ते. याला मी म्हणायचो, आधी दार, मग दुकान.

ज्या लोकांनी माझं दुकान बुडवलं त्यांच्याच खिशातून पोरींसाठी पैसे काढायचे! हे काम मला कोणी फुकट दिलं असतं तरी मी केलं असतं. तसं ते जवळपास फुकटच होतं. मानधन म्हणून जे मिळायचं त्यात स्कूटरचं पेट्रोल भागायचं.

काम दोन प्रकारचं. एक, शहरातल्या ज्या दुकानदारांनी ऑनलाइन विक्री सुरू केली होती त्यांना आमच्या पानावर आणायचं आणि दलालीचा भाव ठरवायचा. हा माझ्या हातचा मळ. हिमरू शाली विकणारा एक जुना ओळखीचा व्यापारी मला म्हणाला, “सेठ, इस उमर में चंदा मांगते फिर रहे?”

मी म्हणालो, “चंदा नको. मी गिऱ्हाईक विकायलोय. घ्यायचं तर घे, नाय तर शेजारच्याला देतो.”

शेजारचा त्याचा सख्खा भाऊ होता आणि दोघं वेगळे झाले होते. मला जो भाव पाहिजे होता त्यापेक्षा अर्धा टक्का जास्त मिळाला.

दुसरं काम लोकांना सवय लावायचं, आणि ते मात्र भयंकर होतं. शहर तेव्हा चहूबाजूंनी सुटलं होतं. बीड बायपासला, सातारा परिसरात, जिथं मी ज्वारी बघितलेली तिथं चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्या सगळ्या घरांत नवीन संसार, आणि नवीन संसाराला बादलीपासून पडद्यापर्यंत सगळं लागतं. मी रविवारी तिथं जायचो, बेल वाजवायचो, लोकांचा मोबाइल मागून घ्यायचो आणि पहिल्या पडद्यावर आमच्या पानाचं चिन्ह आणून ठेवायचो.

लोकांच्या तऱ्हा काय सांगाव्यात! एका गृहस्थांची खात्री होती की मी त्यांचा बँकेचा नंबर चोरायला आलोय. त्यांनी मला दारात उभं करून माझाच फोटो काढून ठेवला. एक बाई आमच्या दारातून जाऊन दर महिन्याला दहा साड्या मागवायच्या आणि नऊ परत करायच्या. माल परत गेला की दलालीही परत जाते, त्यामुळं महिन्याच्या सुरुवातीला आम्ही श्रीमंत असायचो आणि शेवटी कफल्लक. त्यांना मी विचारलं, “ताई, एकदाच विचार करून एकच मागवली तर?” त्या म्हणाल्या, “मग बघण्यातली मजा काय राहिली?” मला माझी कुकरवाली आठवली.

सिडकोत एक निवृत्त गुरुजी होते, ऐंशीच्या पुढचे. एकटेच राहायचे. अनघाचा फोन आला की एका मोबाइलवरून रोज सकाळी शंभरेक वेळा आपल्या दारातून कोणीतरी आत जातंय आणि काही न घेता बाहेर येतंय, काय भानगड आहे? मी जाऊन बघितलं. गुरुजी अंघोळ करून, टोपी घालून, पाटावर बसून मोबाइलवर आमचं दार उघडत होते आणि बंद करत होते. एकशे आठ वेळा. त्यांना वाटलं होतं की उघडण्याचेच पैसे मिळतात. मी ओरडलोच. “गुरुजी, नुसतं उघडून काय होतंय? काहीतरी घ्यायला लागतं!”

ते शांतपणे म्हणाले, “घेऊ काय बाबा? मला लागतं काय?”

मी जिना उतरून खाली आलो तेव्हा माझा मलाच राग आला होता. पण माझा स्वभाव असा की तो रागही मी खाली उभ्या असलेल्या रिक्षावाल्यावर काढला.

आता मुद्द्याचं सांगतो. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. कन्नड तालुक्यात, म्हणजे वसतिगृहाच्या भागात, विहिरी दसऱ्यालाच खडकाला लागल्या. विमलताईंचा फोन आला. “भाऊ, विहिरीत महिनाभराचं पाणी आहे. भाऊबीज झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. त्याआधी मला आईबापांना सांगायला पाहिजे, पोरी ठेवून घेते का नाही. टँकर पाऊस पडेपर्यंत लागणार. ठेवून घेऊ का?”

दुकानांकडून दलाली हातात यायला तीन महिने लागायचे, पण पुण्याचे लोक एवढी सवलत द्यायचे की पानावर संस्थेचा जितका हिस्सा जमा दिसेल त्यावर उचल मिळायची. म्हणजे दिवाळीच्या खरेदीत भरपूर हिस्सा दिसला की टँकर सुरू. दिवाळीला शहर किती खरेदी करतं हे मला सांगायची गरज नव्हती. मी म्हणालो, “ठेवून घ्या. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी पहिला टँकर दारात उभा राहील. माझा शब्द.”

त्यांनी सगळ्या पोरींच्या घरी तसा निरोप दिला.

मी कामाला लागलो. पण यावेळी लोकांना घाई होती. जो तो विचारायचा, “यात आम्हाला काय सुटेल?” पुण्य सुटेल म्हटलं तर लोक दार लावून घ्यायचे. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत नव्हतं. मी, ज्यानं आयुष्यात छापील किंमत दिली नाही, तो लोकांना पूर्ण किमतीला माल घ्या असं कुठल्या तोंडानं सांगणार? मग मीच शोधून काढलं की इंटरनेटवर कूपनं वाटणारी वेगळी पानं असतात. तिथला एक शब्द उचलायचा, पैसे भरताना टाकायचा, की शंभर-दोनशे रुपये सुटतात. मी ती कूपनं जमवली, एका कागदावर छापली. वर आमचं दार, खाली कूपन. कागद घरोघर वाटले. लोक खुशीत. मी त्याहून खुशीत. पोरींना पाणी, गिऱ्हाइकाला सूट, दुकानाला विक्री. तिन्ही बाजूंनी मारलेला असा सौदा मी रुमालाखालीही कधी केला नव्हता.

बायपासच्या एका इमारतीत कुलकर्णी मॅडम राहायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या, वहीवर रेघा मारून लिहिणाऱ्या. त्यांनी आख्खी इमारत कामाला लावली. कोणी काय मागवलं याची यादी त्यांनी मला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दिली. फ्रिज होते, मिक्सर होते, कपडे तर विचारू नका.

रविवारी सकाळी मी पान उघडून हिस्सा बघितला. जो आकडा दिसला त्यात टँकर सोडा, टँकरच्या ड्रायव्हरचा चहा झाला नसता.

मी आधी अनघाला फोन केला. “काय चाललंय तुमचं? पुण्यात बसून आमच्या पोरींचं पाणी पिताय व्हय?” ती “काका, ऐका तर,” म्हणत होती. मी फोन आपटला. मग स्कूटर काढली आणि कुलकर्णी मॅडमच्या इमारतीत गेलो. खाली पार्किंगमध्ये त्यांच्याच इमारतीचा टँकर रिकामा होत होता आणि आठ-दहा जण बादल्या घेऊन उभे होते.

“मॅडम, तुमच्या लोकांनी काय घेतलंच नाय! नुसती नावं लिहून माझ्या हातात दिली.”

“हळू बोला, भाऊ. लोक बघतायत.”

“बघू द्या की! सरळ दुकानात शिरले असतील आणि मला म्हणतात दारातून आलो. शिकलेली माणसं, आणि साठ पोरींना फसवता?”

मॅडमनी हातातली बादली खाली ठेवली. “मी आत्ता तुमच्यासमोर साबण मागवते. नीट बघा. माझं जिथं चुकेल तिथं मला थांबवा.”

त्यांनी मोबाइल काढला. आमचं पान उघडलं. संस्था निवडली. दुकानाच्या नावावर बोट ठेवलं. आत गेल्या, साबण घेतला. प्रत्येक पायरीला थांबून माझ्याकडं बघत होत्या. मग पर्समधून माझा तो छापील कागद काढला आणि कूपनाचा शब्द एकेक अक्षर वाचत टाकला. “झालं. कुठं चुकलं, सांगा.”

मला कुठं चूक दिसेना. मॅडमनीच अनघाला फोन लावला आणि फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. अनघानं दोन मिनिटं विचारून घेतलं, मग म्हणाली, “काका, हे कूपन आपलं नाहीये. तुम्हाला कोणी दिलं?”

“मीच शोधलं.”

“ते दुसऱ्या दलालाचं आहे. गिऱ्हाईक आपण आणलं, पण पैसे भरताना त्याचा शब्द टाकला की दुकान धरतं, सौदा त्यानं जुळवला. सगळी दलाली त्याला गेली. काका, सकाळी मी हेच विचारणार होते, कोणी कूपन टाकलं का.”

हे मला न कळण्यासारखं होतं का? मोंढ्यात माणूस दिवसभर गिऱ्हाईक फिरवतो आणि शेवटच्या क्षणी जो रुमाल टाकतो तो दलाली घेऊन जातो. हा कायदा मला लहानपणापासून पाठ. ज्या गोष्टीत मी उस्ताद तिथंच मी गाढव ठरलो. पोरींचं पाणी मी स्वतः छापून, घरोघर वाटून, कुठल्या तरी अनोळखी कूपनवाल्याच्या घशात ओतलं होतं. दीड-दोनशे रुपयांच्या सवलतीसाठी.

मॅडमची माफी न मागताच स्कूटर वळवली आणि गेलो.

सोमवारी टँकर गेला नाही. मंगळवारी मी देवगावला गेलो. विमलताई ओसरीवर गहू निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. मी तयारही होतो, ओरडणाऱ्या माणसाशी मला वागता येतं. पण त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या, “काल दोघी गेल्या, भाऊ. बहिणी बहिणी. त्यांची माय इथं अंगणात बसून राहिली, टँकर येतो का बघत. बाहेर टोळीचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला. ती म्हणली, ताई, पाणीच नाय तर तुम्ही तरी काय करताल. पोरींचं गाठोडं उचललं आणि गेली.”

“कितवीत होत्या?”

“मोठी सहावीत. धाकटी तिसरीत. मोठीचं गणित लई चांगलं होतं.”

विहिरीत आणखी आठ-दहा दिवसांचं पाणी होतं. मी तिथून उठलो तो सरळ रशीदभाईंकडं. रशीदभाई म्हणजे त्या भागातले टँकरवाले. त्यांच्या अंगणात तीन टँकर उभे आणि ओट्यावर पार्सलांच्या खोक्यांचा ढीग.

“बोलो सेठ. कितना कम करना है?” माझी कीर्ती तिथंही पोचली होती.

“भाव कमी नको. तुम्ही सांगाल तो. पैसे तीन महिन्यांनी.”

ते हसायला लागले. “भाव तोडते तो मैं समझता. तुम तो वक्त मांग रहे! वक्त मेरे बाप का है क्या? डिझेलवाला रोज का रोज लेता.”

मी तासभर बसलो. सगळं बोलून झालं. त्यांचं उत्तर एकच. शेवटी उठताना माझी नजर त्या खोक्यांवर गेली. “हे काय, नवीन धंदा काढला का?”

“कायका धंदा! घर की औरतां. चार बहुआं, दो बेटियां. रोज डब्बा आता है. डिलिव्हरीवाला मुझे सलाम नई करता, सीधा अंदर आवाज देता.”

मी परत खाली बसलो. “रशीदभाई, या डब्यांवर दलाली मिळते, ठाऊक आहे?”

त्यांना मी सगळी अडत समजावली. त्यांनी आत हाक मारली. सहाच्या सहा मोबाइल बाहेर आले आणि सहांवर मी दार बसवून दिलं. पडद्याआडून थोरल्या सूनबाईंनी विचारलं, “चाचा, कूपन डाल सकते ना?”

“नाही!” मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेरची बकरी दावं तोडून पळाली. “बेटी, कूपन अजिबात नाही.”

रशीदभाईंनी आधी डब्यांच्या ढिगाकडं बघितलं, मागं उभ्या टँकरकडं बघितलं. मग म्हणाले, “मतलब मेरेच घर के डब्बों से मेरेच टँकर का पैसा?”

“थोडासा. बाकीचा शहरातून.”

“वा सेठ. आज तक बहुत लोगां ने फसाया, पर ऐसा समझा के किसी ने नई फसाया.” आणि त्यांनी हात पुढं केला. “जाव. कल सुबह गाडी भेजता.”

आता कुलकर्णी मॅडम. त्यांची लिफ्ट बंद होती. चार जिने चढलो. दार त्यांनीच उघडलं. मी पाठ करून आलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं, “चुकलं माझं.”

“ते परवाच कळलं. आत या,” त्या म्हणाल्या. पाणी दिलं. अर्धा पेला. त्या वर्षी शहरातही कोणी भरून देत नव्हतं. “पण मला चार लोकांसमोर बोललात, तर हेही चार लोकांसमोर सांगा.”

रविवारी इमारतीची बैठक होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं, “तुम्हाला दोनशे रुपये सुटावेत म्हणून मी पोरींचं पाणी घालवलं. दोघींची शाळा सुटली. मॅडमची काही चूक नव्हती.” चाळीस वर्षांच्या धंद्यात मी गिऱ्हाइकासमोर चूक कबूल केली नव्हती, तोटा होतो. यावेळी झाला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, “आता दिवाळी तर गेली. फ्रिज परत थोडाच घेणार?”

त्याचं उत्तर मॅडमनी दिलं. “फ्रिज कशाला? तेल, साबण, पोरांचे डायपर, फरशी पुसायचं, हे दर महिन्याला घेतोच ना? तेच दारातून घ्या. कूपन न टाकता.”

आणि हे खरं निघालं. मी तोवर सणांच्या मागं धावलो, मोठ्या खरेदीच्या मागं धावलो. तारून नेलं ते साबणानं आणि डायपरनं. एका इमारतीच्या तीन झाल्या, तीनच्या अकरा. मॅडमची वही भरली की त्या दुसरी घ्यायच्या, तीही दारातून.

मधेच एके सकाळी सिडकोच्या गुरुजींचा फोन आला. “पाणी लागतंय का रे अजून?”

“लागतंय, गुरुजी.”

“मला काही लागत नाही, हे मी तुला सांगितलं होतं. पण पोरींना साबण लागत असेल ना? पत्ता सांग त्यांचा.”

त्यांनी आपल्या पेन्शनमधून दर महिन्याला वसतिगृहाच्या पत्त्यावर साबण आणि तेल पाठवायला सुरुवात केली. माल पोरींना, आणि त्या मालाची दलाली पुन्हा पोरींच्याच पाण्याला. एवढा चोख सौदा मला कधी सुचला नव्हता. मी पाया पडायला गेलो तर म्हणाले, “तू ओरडला नसतास तर मी अजून उघडझापच करत बसलो असतो.”

रशीदभाईंच्या गाड्या पाऊस पडेपर्यंत गेल्या, एकही खाडा नाही. उरलेल्या एकाही पोरीला उसात जावं लागलं नाही. त्या दोघी बहिणींच्या गावी मी पुढच्या वर्षी दोनदा जाऊन आलो. धाकटी परत आली. मोठी आली नाही. तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या बापाशी मी जेवढा भाव केला तेवढा आयुष्यात कोणाशी केला नसेल. तो एकच सौदा, जो मला अजून रात्रंदिवस सलतो.

पुढं त्याच दलालीतून टाकी बांधली गेली. उद्घाटनाला एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचे साहेब आले. शाल त्यांना, नारळ त्यांना, भाषण त्यांचं. ‘एका क्लिकमधून’ हे त्यांच्याच भाषणातलं वाक्य, ते कोणाला तरी आवडलं आणि पाटीवर गेलं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मॅडम आल्याच नाहीत. रशीदभाई उभे राहून माझ्याकडं बघून हसत होते, तेवढाच काय तो सत्कार.

गेल्या वर्षी मी काम सोडलं तेव्हा विमलताईंनी बोलावून घेतलं. “भाऊ, पाटी बघून तुमचं तोंड कसं होतं ते मी बघते दर वेळी. पेंटर आलाय. टाकीवर खाली तुमचं नाव टाकून घेऊ.”

मला हवंच होतं ते. खोटं कशाला बोलू? मी टाकीजवळ गेलो, जागाही बघितली. तिथं धाकटी बादली भरत होती. आता ती आठवीत आहे. मला बघून हसली. तिच्या जागी मला तिची बहीणच दिसायला लागली.

“नाव नको, ताई,” मी म्हणालो. “दुसरं काहीतरी लिहा.”

पेंटरनं अक्षरावर दर सांगितला. माझं नाव चार अक्षरांत आटपलं असतं. हे वाक्य त्याहून लांब होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा, मुदतही न मागता, सांगितलेल्या दराला ‘बरं’ म्हणालो. आता त्या संगमरवरी पाटीच्या खाली निळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘आधी दार, मग दुकान. कूपन टाकू नये.’ पाहुणे आले की विचारतात, याचा अर्थ काय? पोरी त्यांचा मोबाइल मागून घेतात आणि दाखवतात.

पेंटरकडं थोडा निळा रंग उरला होता. त्यात मी त्याच्याकडून वसतिगृहाचं फाटक रंगवून घेतलं. त्याचे पैसे दिले नाहीत.